बुधवारी उपाशी कोण बसणार

मु. वारूळवाडी, ता. जुन्नर
मंगळवार, ३१ ऑगस्ट १९९९

वडीलधारे साडूभाऊ रखमाजीराव यांना धाकटा साडू हौशीराम याचा वाकून रामराम, आणि सोनीअक्कांना वेगळा वाकून दुसरा रामराम. (एकाच वाकण्यात दोघांचं उरकलं असं अक्कांनी म्हणू नये. मी खरोखर दोनदा वाकलो, त्यांची बहीण साळू साक्षीला आहे, आणि दुसऱ्या वेळी कमरेत उसण भरली.) भाऊ, तुमचा गुडघा कसा आहे? भोसरीला नळाला पाणी अजून पहाटेच येतं का? अक्कांची बीपीची गोळी चालू आहे ना? इकडचं म्हणाल तर सगळं बरं आहे असं लिहायची रीत आहे, ती मी मोडत नाही. शेळीला दोन करडं झाली, साळूची दाढ काढली, आणि मी गेल्या आठवड्यात एक मोठा पराक्रम केला. तो तुम्हाला कळवल्याशिवाय माझं अन्न गोड लागेना, म्हणून हा कागद.

हे पत्र मी शेडच्या मागच्या अंगाला पालथ्या खोक्यावर बसून लिहितोय. दुपारची सुट्टी आहे. मीना नदीकडून गार वारा येतोय, मधेच ऊन पडतं, मधेच सर येऊन जाते, आणि अशा वेळी माझं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. साळू म्हणते, तुमाला जागेपणीच झोप लागती. तेव्हा पत्र कुठे भरकटलं तर रागावू नका. रात्रपाळी करून आला असाल तर आधी झोप काढा, मग वाचा.

आमचं काम तुम्हाला माहीत आहे, पण अक्का हे पत्र शेजारपाजारच्या कुणाकडून तरी पुन्हा वाचून घेतील, म्हणून त्या वाचणाऱ्यासाठी लिहितो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो येतो, तो भरायला लाकडी खोकी लागतात. ती पुनमचंद शेठच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही एकोणीस जण ठोकतो. गेणू करवतीवर फळ्या पाडतो, बाकीचे ठोकतात. शंभर खोकी ठोकली की पंचवीस रुपये. हा भाव चार वर्षं जागचा हलला नव्हता. चार वर्षांत मिठापासून रॉकेलपर्यंत सगळं हललं, शेठच्या घरावर दुसरा मजला चढला, पण आमचा पंचवीसचा आकडा देवळातल्या नंदीसारखा बसून. आमच्यात लंकाबाई म्हणून आहे. नवरा गेल्यापासून हातोडीवरच दोन पोरी वाढवल्या, दोन घावांत खिळा बसवते, दिवसाला दोनशे खोकी मारते. मी सव्वाशे मारतो. मारली असती दीडशे, पण तोंडात खिळे धरून बसलं आणि ठकठक ठकठक सुरू झालं की मला तंद्री लागते. वाटतं, हे खोकं आता कुठे जाईल? वाशीला जाईल, दिल्लीला जाईल, कलकत्त्याला एखादी बाई ते फोडून त्याच्या फळ्यांवर चहा करेल, आणि चहा उकळेपर्यंत राखेत माझा खिळा लाल होऊन पडलेला असेल. मी जन्मात कल्याणच्या पुढे गेलो नाही, पण माझे खिळे सगळा देश फिरतात. असा विचार करता करता अंगठ्यावर हातोडी बसली की मी वारूळवाडीत परत येतो.

तर अक्षय्यतृतीयेला तुम्ही आला होतात. आमरस खाऊन ओट्यावर लवंडला होतात आणि डोळे मिटूनच म्हणालात, हौशीराम, मागून कुणी देत नाही, एकी करा, संघटना काढा. जाताना तुमच्या युनियनचं एक कोरं पावतीपुस्तकही दिलंत. ते मी शेडमध्ये नेलं आणि आमच्या लोकांना इतकं आवडलं की जेवणाच्या सुट्टीत लगेच सभा भरली. शेकडा पंचवीसचे तीस झालेच पाहिजेत, हे एका मिनिटात ठरलं. अध्यक्ष कोण, यावर अर्धा तास गेला. जो तो दुसऱ्याचं नाव घेऊन ओरडत होता, आणि ज्याचं नाव निघेल तो त्याहून मोठ्यानं न्हाई न्हाई म्हणत होता. मी तेवढा गप्प होतो. गप्प होतो कारण माझ्या तोंडात अकरा खिळे होते आणि डोळ्यांपुढे कलकत्ता होतं. सावळारामबुवांनी (आमच्यातले वयाने मोठे, माळकरी) माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, ह्यो बघा, ह्याची ना न्हाई. टाळ्या पडल्या तेव्हा मी जागा झालो. कशाच्या टाळ्या म्हणून विचारायला तोंड उघडलं तर खिळे सांडले, आणि ते गोळा करेपर्यंत मी अध्यक्ष झालो होतो. (तुमच्या मोठ्या कंपनीत हे कसं होतं ते एकदा सविस्तर कळवा.)

अध्यक्ष म्हणून मी शेठकडे गेलो. शेठ वाईट माणूस नाही हो. त्यांचे आजोबा मारवाडातून खांद्यावर कापडाचं गाठोडं टाकून आले, पण शेठ बोलतात आपल्यासारखंच, आणि आमच्या लग्नात त्यांनी दिलेला तांब्या अजून गळत नाही. ते 'बघू' म्हणाले. शेठ हा शब्द इतक्या मायेने म्हणतात की ऐकणाऱ्याला आपलं काम झालंच असं वाटतं. मला दोन महिने वाटत होतं. मग लंकाबाईने मला धारेवर धरलं, की अध्यक्षाला नुसतं वाटून चालतंय व्हय, म्हणून मी स्टँडजवळच्या एसटीडीवरून तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, साखळी उपोषण करा, रोज एक माणूस बसवा, आणि तेवढ्यात माझे सुटे पैसे संपले. पुढचं तुम्ही काय सांगणार होता ते आता कळून उपयोग नाही.

काम बंद ठेवावं तर शेठची गल्लापेटी एक दिवस बंद आणि आमची चूल आठ दिवस. म्हणून आम्ही असं ठरवलं की एकाने शेडपुढच्या लिंबाखाली उपाशी बसायचं आणि अठरांनी आत ठोकायचं. आता महिना श्रावणाचा. यादी करायला बसलो तर सावळारामबुवा म्हणाले, सोमवार माझा, मी तसाबी धरतोच. गेणू म्हणाला, मंगळवार माझा, ओझरच्या गणपतीचा. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लंकाबाईचा, शनिवार मारुतीचा, रविवारी खंडोबावाला एक जण निघाला. कुणाच्याही पोटाला जादा तोशीस नाही आणि देवाच्या खात्यावर जे चाललंच होतं ते संघटनेच्याही खात्यावर पडलं. मला तर वाटलं, इतकी साधी गोष्ट तुम्हा भोसरीवाल्यांना कशी सुचली नाही! फक्त बुधवार उरला. बुधवारी आमच्यात कुणी कसलाच उपास धरत नाही. बघू, म्हणालो मी. (हा शब्द लागट आहे.)

आणि उपास म्हटलं की उपासाचं आलंच. पहिल्या सोमवारी बुवांच्या सुनेने पातेलंभर साबुदाण्याची खिचडी आणली, बटाटा घालून, वर तूप सोडून. आता बुवा एकटे पातेलंभर कसे खाणार? ज्यांनी घोषणा दिल्या त्यांनाही द्यावी लागली. मंगळवारी गेणूची भगर आणि दाण्याची आमटी झाली. गुरुवारी रताळ्याचा कीस, शुक्रवारी गूळ-फुटाणे. घोषणा द्यायला माणसं कमी पडायची, पातेल्याभोवती कधी नाही. रस्त्याने जाणारे येणारे विचारायचे, काय चाललंय, आणि उपोषण म्हटल्यावर चपला काढून बसायचे. आणे गावचा एक पावणा बाजाराला आलेला, तो दोन दिवस मुक्कामाला राहिला आणि जाताना म्हणाला, आमच्याकडं पठारावर असला संप आला तर लई बरं व्हईल राव. शेठ येता-जाता मजेत विचारायचे, काय, आज कोण? पहिल्या बुधवारी कुणीच नव्हतं. लिंबाखालच्या चटईवर दिवसभर एक कुत्रं पाय ताणून पडलं होतं. शेठनी संध्याकाळी त्याच्याकडे बघून विचारलं, आज हे का? साखळी उपोषणाच्या सहाव्या दिवशी बुवांचा सदरा पोटावर तटतटायला लागला, आणि आमचा दर होता तिथेच, शेकडा पंचवीस.

आता कंचनबाई. शेठच्या मंडळी. त्यांच्या घराची खिडकी नेमकी लिंबावर उघडते. भाऊ, उपासाच्या बाबतीत ती बाई म्हणजे काय सांगू तुम्हाला! दरवर्षी पर्युषणात आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहते, तेही सूर्य मावळायच्या आत घेतलेल्या, आणि चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. ती सहा दिवस खिडकीतून आमच्या पातेल्यांकडे बघत होती. शनिवारी तिला राहवलं नाही. डोक्यावरून पदर घेऊन खाली आली, मारुतीवाल्याच्या पानात वाकून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हौशीराम, हा बटाटा आहे ना?" मी म्हणालो, हो, उपासाला चालतो. "चालतो?" ती म्हणाली. "आमच्यात साध्या दिवशीसुद्धा चालत नाही!" भाऊ, ती रागावली नव्हती. तिला वाईट वाटलं होतं, जसं एखाद्या सुताराला वाकडी चौकट बघून वाटतं. ती म्हणाली, माझ्या दारात माणसं उपाशी बसलेली मला सोसत नाहीत, आणि खाऊन उपाशी म्हणवलेलं तर मुळीच सोसत नाही. तुमच्यातल्या एकाने एक दिवस खरा उपास करा. मीही त्याच्याबरोबर करीन, त्या दिवशी घरातली चूल पेटणार नाही. दुसऱ्या दिवशी पारणं माझ्या हातचं, म्हणजे उपास सोडवीन मी. आणि ज्याला मी पारणं करवते तो माझ्या दारातून रिकामा जात नाही, शेठशी मी बोलते.

खरा उपास म्हणजे काय ते तिने सांगितलं, आदल्या दिवशी सूर्य मावळल्यापासून मधला अख्खा दिवस धरून परवाच्या सकाळपर्यंत उकळलेल्या पाण्याशिवाय काही नाही. चहा नाही. तंबाखू नाही. सावळारामबुवांना तिथेच घाम फुटला. सोमवारवाला मंगळवारवाल्याकडे बघायला लागला, मंगळवारवाला गुरुवारवाल्याकडे, आणि अशी सगळ्यांची नजर फिरत फिरत जो वार मोकळा होता त्यावर आली, आणि तिथून माझ्यावर. या वेळी माझ्या तोंडात खिळे नव्हते. तरी बोलता आलं नाही. लंकाबाई म्हणाली, एकोणीस घरांचं हाय हौशीरामभाऊ, एकच दिस. तिने मला भाऊ म्हणायची ती पहिलीच वेळ.

तुम्हाला माझं पोट माहीत आहे. मी भुकेने भांडणारा माणूस नाही, मी भुकेने रडणारा माणूस आहे. मंगळवारी सूर्य मावळायच्या आत साळूने मला जेवायला बसवलं ते एखादी बैलगाडी भरावी तसं. चार भाकरी, पिठलं, वरून दूधभात. मी नको म्हणालो तर तिने डोळ्यांना पदर लावला, जसा काही मी लढाईला निघालो होतो. बुधवारी सकाळी लिंबाखाली बाज टाकली. कंचनबाईने स्वतः तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी आणून ठेवलं आणि खिडकीत जाऊन बसली. दहा वाजेपर्यंत मला भूक आठवत होती. बारापर्यंत मला फक्त भूक आठवत होती. एक वाजता ती कुठेतरी निघून गेली आणि तिच्या जागी, भाऊ, काय सांगू, एक अशी हलकी हलकी हवा आली की मी बाजेवर आहे की बाजेच्या जरा वर, ते कळेना.

आतून हातोड्यांचा आवाज येत होता. ठकठक ठकठक. मी लिंबाच्या पानांतून वर बघत होतो, ऊन हिरवं होऊन खाली गळत होतं. मग मला मीना नदी दिसली. ती उलटी वाहत होती, वाशीकडून वारूळवाडीकडे, अगदी सावकाश, आणि तिच्यातून खोकी येत होती. माझी खोकी. चौदा वर्षांत ठोकलेली सगळी. आणि प्रत्येक खोक्यात एकेक माणूस बसलेला, कुणी पगडीवाला, कुणी लुंगीवाला, कुणी पांढऱ्या साडीतली कलकत्त्याची बाई, आणि प्रत्येक जण माझ्यापुढून जाताना वाकून म्हणत होता, खिळे छान मारलेत हो. कुणी घाई करत नव्हतं. फळ्यांना पालवी फुटत होती. शेडचे पत्रे निघून गेले होते आणि तिथे झाडंच झाडं होती, आणि प्रत्येक झाडाखाली आमच्यातलं एकेक माणूस स्वस्थ बसलेलं होतं, हातात हातोडी नाही, तोंडात खिळा नाही, आणि सगळ्यांना पगार चालू होता. मला भाऊ इतकं बरं वाटत होतं की मी रडलो. लोक म्हणाले, अध्यक्ष उपासाने कासावीस झाले. होऊ देत.

तर असा तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी गुरुवार, राखी पौर्णिमा. सकाळी ऊन वर आल्यावर कंचनबाईने चांदीच्या वाटीतून मुगाचं पाणी माझ्या ओंजळीत घातलं, आमच्या बायकांनी ओव्या म्हटल्या, बुवांनी टाळ धरला. शेठ पुढे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, शेकडा तीस, आजपासून. अठरा जण माझ्या अंगावर पडले. आणि तेवढ्यात कंचनबाईने ताटात निरांजन घेऊन माझ्या हातात राखी बांधली! म्हणाली, इतका निग्रहाचा माणूस मला भाऊ म्हणून हवा. आता बहिणीच्या दारात पुन्हा उपोषणाला कसं बसायचं, हे तुम्हीच सांगा. ओवाळणी टाकायला खिशात काही नव्हतं. गोंधळात मी हाताला लागलं ते टाकलं, ते निघालं संघटनेचं पावतीपुस्तक. ते तिने कपाटात जपून ठेवलंय आणि परत मागायला मला तोंड नाही.

असो. तुमच्या एका शब्दाने एकोणीस घरांचं भलं झालं. शेकडा पाच रुपये म्हणजे लंकाबाईला दिवसाला दहा रुपये जास्त. तिने परवा पोरींना बाजारातून रिबिनी आणल्या, मी पाहिल्या, लाल होत्या. साळू आता मला उठसूट झोपाळू म्हणत नाही. अक्कांना सांगा, तुमच्या धाकट्या बहिणीने पदरात दगड नाही बांधून घेतला. गुडघ्याला तेल लावत जा, आणि बाप्पा बसायच्या आत एकदा येऊन माझ्या पारण्याचा फोटो बघून जा.

आपला आज्ञाधारक (आणि आता नावाला तरी अध्यक्ष)
हौशीराम

ता. क. एक छोटंसं काम आहे. कंचनबाई म्हणते, तुझ्यात मोठी शक्ती आहे, सोमवारपासून पर्युषण आहे, या वर्षी माझ्याबरोबर आठ दिवसांचा कर. आठ, भाऊ! तिने तिच्या माणसांत सांगूनही टाकलंय, लोक मला रस्त्यात हात जोडतात. तरी कृपा करून रविवारच्या आत एक तार करा, घोडेगावला सासूबाई सिरियस, ताबडतोब निघा. सासूबाईंना मी आधी विचारलंय. त्या म्हणाल्या, खुशाल कर, पण येताना पेढं आण.

ता. क. दुसरा. आठ दिवसांचा का जमणार नाही, हे तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही घरचे. मला एक दिवसाचाही जमलेला नाही. त्या बुधवारी चारच्या सुमाराला, नदी उलटी वाहत असताना, मला उठून खोक्यांच्या थप्पीमागे जावं लागलं. पाणीच इतकं प्यायलो होतो. तिथे पालथ्या खोक्यावर पुनमचंद शेठ बसले होते, एकटे, हातात स्टँडवरच्या भेळीचा पुडा, कांदा न घातलेली. घरात चूल नव्हती ना. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. ते म्हणाले, बस रे. मला वाटलं हे स्वप्नातलेच शेठ आहेत, आणि स्वप्नात खाल्लेल्याने काही उपास मोडत नाही. दुसरा घास तिखट लागला तेव्हा कळलं, पण तोपर्यंत तिसरा हातात होता. दोघांनी पुडा संपवला. मग शेठ म्हणाले, हौशीराम, उद्या मी तीस म्हणणार आहे. पस्तीस मागितले असते तरी म्हणालो असतो. दिवाळीपर्यंतच तर द्यायचे आहेत. वाशीचे व्यापारी आता लाकूड नको म्हणतात, प्लास्टिकचं क्रेट मागतात, ते धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतं. आमच्या हितेशने (त्यांचा मुलगा) ऑर्डर दिलीय. दिवाळीनंतर शेड बंद. हे सांगताना शेठच्या डोळ्यांत पाणी होतं. भेळीत मिरचीही होती, पण मला वाटतं पाणी खरं होतं. मी परत येऊन बाजेवर पडलो. नदी पुन्हा दिसली नाही.

तर भाऊ, पत्राचं खरं काम हे, आणि ते मी इतका वेळ लिहायचं टाळत होतो. दिवाळीनंतर माझं तुमच्या कंपनीत कुठेतरी बघा. गेटवर असलं तरी चालेल, बसून असलं तर फार बरं, समोर एखादं झाड असलं तर तुमचे उपकार विसरणार नाही. आणि हे कुणाला बोलू नका. साळूलाही मी सांगितलेलं नाही. अठरा जण रोज नव्या दराने जोरात ठोकतात, गाणी म्हणतात, आणि मी त्यांच्यात बसून तोंडात खिळे धरतो, म्हणजे बोलावं लागत नाही.

ता. क. तिसरा. बुधवार दुपार. काल पोस्टमन पेटी उघडून गेला होता, म्हणून पत्र माझ्याकडेच राहिलं. रात्रभर ते उशाखाली टोचत होतं. सकाळी शेडमध्ये गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, थांबा, मला काही सांगायचंय. सगळ्या हातोड्या थांबल्या. मी क्रेटचं सांगितलं, दिवाळीचं सांगितलं, भेळीचंही सांगितलं. एकाचाही चेहरा बदलला नाही. लंकाबाईने तोंडातले खिळे एकेक करून हातावर काढले आणि म्हणाली, "भाऊ, आखाडात क्रेटचा पयला टेम्पो आला, तो गेणूनं आन् मीच उतरवला. तुमी तवा लिंबाखाली झोपला व्हता. समद्यांना ठावं हाय. ठावं व्हतं म्हणून तर तिसाचा हट्ट सोडला न्हाई. चार वर्सं न्हाई वाढवलं, जाता जाता तरी हाताची किंमत करू दे की शेठला." मी म्हणालो, मग मला का नाही सांगितलं? तर ती हसली. म्हणाली, "तुमाला सांगितलं असतं तर तुमी उपाशी बसला असता व्हय?" मागून बुवा म्हणाले, आन् भेळीचंबी ठावं व्हतं, सांजच्याला तुज्या मिशीला चुरमुरा व्हता, कंचनबाय खिडकीतून बघंल म्हणून मीच टाळ वाजवत आडवा हुबा राह्यलो.

भाऊ, मला इतकी लाज वाटली आणि इतकी माया वाटली की दोन्ही एकदम आल्यावर माणसाने काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी खाली बसलो आणि वीस खोकी एका दमात ठोकली. एकही वाकडा खिळा नाही. मग जेवणाच्या सुट्टीत यादी केली. माझ्यासाठीची वरची विनंती रद्द समजा, झाडासकट. सोबत एकोणीस नावं आहेत, लंकाबाईचं पहिलं, माझं शेवटी. गेणूला करवत येते, बुवांना काही येत नाही पण स्वभावाने बरे आहेत. लंकाबाईला सही येत नाही आणि साहेब लोकांपुढे तिला बोलता येत नाही, तेव्हा तुम्ही स्वतः बरोबर जा. एकच जागा असली तर पहिलं नाव घ्या, आणि बाकीच्यांना मी काय सांगायचं तेवढं पत्रात लिहून पाठवा, कारण अध्यक्ष अजून मीच आहे.